दर्याकाठी स्वस्तातली ‘स्पोर्टी’ गाडी घेताना आधी पत्रा बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपतीचे दिवस जवळ आले की आपल्याकडे जुन्या गाड्यांचा बाजार एकदम तेजीत येतो. गेल्या काही वर्षांत त्यात एका जातीच्या गाड्यांची मागणी ठळकपणे वाढली आहे. आकाराने लहान, इंजिन मात्र जोरकस, अशा या हॅचबॅक. पोलो जीटी, बलेनो आरएस, दीड लिटर डिझेलची फोर्ड फिगो, क्वचित टियागो जेटीपी किंवा पुंटो अबार्थ. नव्याने नोकरीला लागलेली मुले या गाड्यांच्या प्रेमात पडतात आणि त्यात वावगे काही नाही. १०५ पीएस (अश्वशक्ती) ताकदीची पोलो जीटी आंबा घाटाचा चढ ज्या सहजतेने चढते, ते त्याच पैशात येणाऱ्या साध्या नव्या गाडीला जमत नाही. पण यातल्या बऱ्याच गाड्या मुंबई-पुण्यातल्या सल्ल्यावर विसंबून घेतल्या जातात. त्या सल्ल्यात इंजिन पहिले असते आणि पत्रा शेवटचा. किनाऱ्यावर हा क्रम उलटा लावावा लागतो, हे सांगण्यासाठी हे पत्र.

या गाड्या स्वस्त का, हे आधी समजून घ्यावे. फोर्डने भारतातले उत्पादन थांबवत असल्याचे सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केले. पोलो २०२२ मध्ये बंद झाली. बलेनो आरएस, टियागो जेटीपी आणि पुंटो अबार्थ या तिन्ही गाड्या बीएस-६ या नव्या प्रदूषण मानकांच्या काळात आल्याच नाहीत. बंद पडलेल्या गाडीला पुढे गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव पडतो. हा भाग खरेदीदाराच्या फायद्याचा आहे, कारण फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, बुश असे झिजणारे सामान यातल्या बहुतेक गाड्यांसाठी आजही मिळते. तोट्याचा भाग असा की एकट्या त्याच मॉडेलला लागणारे सामान, म्हणजे अबार्थचा टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), जेटीपीचा बंपर किंवा बलेनो आरएसचे मागचे डिस्क ब्रेक, मागवावे लागते आणि त्यासाठी गाडी आठवडा-पंधरा दिवस उभी राहते. ही तयारी असेल तरच या वाटेला जावे.

आता पत्रा. इंजिनातले काहीही बिघडले तरी ते पैसे टाकून बदलता येते. गंजाने खाल्लेली बॉडी कोणीही पूर्वीसारखी करून देत नाही. हर्णै, गुहागर, मालवण, वेंगुर्ला अशा गावांत समुद्रापासून दोन-तीनशे मीटरवर वर्षानुवर्षे उघड्यावर उभी राहिलेली गाडी आणि कऱ्हाडला राहिलेली गाडी एकाच वर्षाची, एकाच किलोमीटरची असली तरी ती एक वस्तू नव्हे. खाऱ्या वाऱ्यातले मीठ पत्र्याच्या सांध्यात बसते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे पाऊस नसतानाही तो सांधा ओलसर राहतो. त्यावर जांभ्याची लाल माती चिकटली की सांधा वाळतच नाही.

म्हणून गाडी बघायला गेल्यावर आधी बॉनेट उघडू नका. खाली बसा आणि मागच्या चाकाच्या वरची कमान पाहा. तिच्या पत्र्याची कड आत दुमडलेली असते. त्या दुमडीमागे बोटे घालून कड चाचपत न्या. लाल मातीची ढेकळे निघतील, ती काढून टाका आणि पुन्हा चाचपा. पत्रा गुळगुळीत लागला तर उत्तम. बोटाला पापुद्रे लागले आणि तळहातावर तपकिरी भुकटी पडली, तर बाहेरचा रंग कितीही चकचकीत असला तरी वर्षा-दोन वर्षांत तिथे फोड येणार. मग दाराखालचा सिल, आणि त्याच्या खालच्या कडेला जॅक लावायच्या चार जागा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकून आवाज ऐका. खणखणीत आवाज चांगला. मातीच्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर आत पत्रा उरलेला नाही किंवा पुट्टी भरली आहे. दारांच्या खालच्या कडेला पाणी निचरायची छोटी भोके असतात. ती बुजलेली असतील तर दार आतून सडत असते.

गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय सौदा करू नये. खालून सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणारा सांगाडा), ब्रेकचे लोखंडी पाइप, सायलेन्सरचे जोड आणि शॉकअपच्या स्प्रिंगचे तळ बघायचे. ब्रेक पाइपवर वरवरची तांबूस छटा चालते. पाइप फुगून खरखरीत झाला असेल तर तो बदलायचाच, कारण तो फुटतो तेव्हा घाट उतरताना पायाखालचे पेडल तळाला जाते. नुकतेच मारलेले काळे अंडरबॉडी कोटिंग दिसले तर विक्रेत्याला सरळ विचारा, हे कधी आणि का मारले? नव्या गाडीवर मारलेले कोटिंग संरक्षण करते. गंजावर मारलेले कोटिंग ओल आत कोंडून गंज वाढवते. नखाने किंवा चावीने एक कड उचलून पाहायला मागा. कारखान्यातल्या पत्र्यावर झिंकचा लेप असला तरी वेल्डिंग केलेल्या जागी तो जळून जातो. म्हणून ठोकून, वेल्डिंग करून दुरुस्त केलेली गाडी किनाऱ्यावर लवकर सडते.

पुट्टी ओळखायला पातळ फडक्यात गुंडाळलेले साधे लोहचुंबक पुरते. रंगाची जाडी मोजायचे यंत्र मिळाले तर आणखी सोपे. कारखान्याचा रंग साधारण ९० ते १४० मायक्रॉन भरतो, एखाद्या जागी आकडा ३०० च्या वर गेला की खाली पुट्टी आहे असे धरावे. आपल्याकडे टप तपासायला विसरू नये. माडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीवर नारळ आणि झावळ्या पडतात, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीच्या उत्तर पट्ट्यात किती झाडे कोसळली ते आपण पाहिले आहे. टपाची दुरुस्ती दिसायला सहज असते, पण टप पेलणाऱ्या खांबाला, म्हणजे पिलरला हात लागला असेल तर काच कधीच नीट बसत नाही आणि पावसाळ्यात पाणी आत येत राहते.

दुसरा मोठा धोका पुराच्या गाडीचा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण आणि सावित्रीने महाड बुडवले. या गाड्यांची उत्पादनवर्षे पाहा. बहुतेक २०१३ ते २०२१ मधल्या, म्हणजे त्या दिवशी रस्त्यावर असलेल्या. विमा कंपनीने दाव्याचे पैसे दिल्यावर मोडीत काढायची गाडी कित्येकदा आरसीसकट लिलावात जाते, तिथून दुरुस्त होऊन दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाते. धुऊन पुसून आणलेली अशी गाडी ओळखायला एक जागा फार खात्रीची आहे. पुढचा सीट बेल्ट शेवटपर्यंत, अगदी अडेपर्यंत बाहेर ओढा. एरवी बाहेर न येणारा तो शेवटचा हातभर पट्टा कोणी धूत नाही. त्यावर आडवी मळकट रेघ, हाताला लागणारी बारीक गाळाची पूड किंवा परत जाताना अडखळणारा बेल्ट, यातले काहीही दिसले तर तिथूनच माघारी फिरावे. त्याशिवाय सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीच्या खड्ड्याचे कोपरे, हेडलाइटच्या आतली पाण्याची रेघ आणि गालिच्याखालचा फोम बघा. फोम दाबून ओल लागली तर लगेच पूर म्हणू नका. एसीचा निचरा तुंबला तरी पुढच्या डाव्या बाजूला पाणी साचते. पण चारही बाजूंना ओल किंवा गाळ असेल तर शंका उरत नाही.

कागदावरूनही पूर सापडतो. २०२०-२१, २०२१-२२ आणि २०२२-२३ या तिन्ही वर्षांच्या विमा पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशा पायऱ्यांनी वाढतो आणि नुकसानीचा दावा केला की शून्यावर येतो. मालक तोच, पॉलिसीत खंड नाही, आणि तरीही ३५ वरून शून्य झाले असेल तर त्या वर्षी काहीतरी घडले आहे. बोनस राखणारे जादा कलम घेतले असेल तर ही खूण दिसणार नाही, म्हणून पॉलिसीवरची कलमेही वाचावीत.

पुराच्या गोड्या पाण्यापेक्षा वाईट म्हणजे समुद्राचे पाणी. पुळणीवर गाडी नेऊन भरतीत अडकवण्याचे प्रकार आता दर सुट्टीत होतात. खारे पाणी वायरिंगच्या जोडात गेले की वरून सुकले तरी मीठ आत राहते, तांब्याच्या तारा इन्शुलेशनच्या आतून हिरव्या पडत जातात आणि सहा-आठ महिन्यांनी एकेक सेन्सर दगा देऊ लागतो. बॉनेटमधला अर्थिंगचा बोल्ट शोधा, तिथे पांढरी-हिरवी भुकटी आहे का पाहा. पुढच्या सीटखाली एअरबॅग यंत्रणेचे बहुधा पिवळे कनेक्टर असतील तर तेही बघा. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो पेटतच नसेल तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केल्याची शंका घ्यावी.

कमी किलोमीटरच्या मोहाबद्दल विशेष लिहावेसे वाटते. गावच्या घरी ठेवलेली, गणपतीला आणि शिमग्याला बाहेर निघणारी, सहा-सात वर्षांत वीस हजार किलोमीटर झालेली गाडी सोन्यासारखी वाटते. किनाऱ्यावर उभी राहणारी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. हँडब्रेकच्या केबल अडकतात, मागचे ब्रेक जाम होतात, टायर एका जागी चपटतात, रबरी सील वाळतात, टाकीतले इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा धरते. पडवीला लागून असलेल्या शेडमध्ये उंदीर वायरिंग कुरतडतात. एअर फिल्टरचे झाकण काढून आत पाला किंवा लेंड्या आहेत का ते बघावे. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर कडक झालेला असतो आणि ओल्या घाटात तो पकडत नाही. नियमित सर्व्हिस झालेली, साठ-सत्तर हजार चाललेली गाडी अशा ‘कमी चाललेल्या’ गाडीपेक्षा आम्ही केव्हाही वरची मानू.

इंजिनाकडे यायचे ते सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना. विक्रेत्याला आधीच सांगावे की सुरू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून ते थंड आहे याची खात्री करा. टर्बो इंजिनाचा जीव तेलात असतो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या मारतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. स्वस्त मिनरल तेल टाकले किंवा बदल लांबवला की आधी तोच जातो. म्हणून सर्व्हिसच्या बिलांवर तेलाचा ग्रेड वाचा. पोलोच्या टीएसआय या टर्बो पेट्रोल इंजिनाला व्हीडब्ल्यू ५०२ ०० या मानकाचे पूर्ण सिंथेटिक तेल लागते. बिलावर ते नसेल, किंवा बिलेच नसतील, तर किमतीतून तेवढे वजा करा. सुरू होताना दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ साखळी खडखडली तर टायमिंग चेनचा टेन्शनर संशयित. अबार्थ आणि दीड लिटर डिझेल फिगोत टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला याचे बिल नसेल तर गाडी घरी आणण्याआधी बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदम बदलायचे, कारण बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उघडावे लागते.

टर्बोतून इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा होज सोडून आत बोट फिरवा. तेलाचा पातळ ओशटपणा चालतो, थेंब जमले असतील तर टर्बोचे सील गेले. टीएसआय आणि बलेनो आरएसच्या बूस्टरजेट इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांवर कार्बन साठतो. थंड असताना आयडलिंगला हलकी थरथर आणि दबलेला पिकअप ही त्याची खूण. तेलाच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट थर दिसला तर आपल्या दमट हवेत, फक्त बाजारापर्यंत फिरणाऱ्या गाडीत तो नुसत्या बाष्पाचाही असू शकतो. पण त्याबरोबर कूलंट कमी होत असेल, किंवा थंड इंजिनावरही रेडिएटरचा होज दगडासारखा कडक लागत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचे सील, गेल्याची शंका घ्यावी. कॉम्प्रेशन मोजून घेतले तर सिलिंडरांमधला फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. कूलंट नेहमी टाकीत पाहा. विहिरीचे पाणी घालून चालवलेल्या गाडीत ते गंजाने चहासारखे तांबूस दिसते.

‘रिमॅप’ केलेली, म्हणजे इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली गाडी असेल तर आमचे मत स्पष्ट आहे: घेऊ नये. वाढवलेला टॉर्क क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो तिघांवर ओझे टाकतो, विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळते, आणि पुन्हा मूळ सॉफ्टवेअर भरून विकले तरी झालेली झीज तशीच राहते. स्कॅनर लावून एरर कोड पाहताना नुसते ‘कोड नाहीत’ यावर समाधान मानू नका. ‘रेडिनेस’, म्हणजे गाडीच्या संगणकाच्या स्वतःच्या तपासण्या, अपूर्ण दिसल्या तर कोड नुकतेच पुसले असावेत असे समजावे.

पोलो जीटी टीएसआयचा सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, वेगळ्या लक्षाचा विषय आहे. यातले दोन्ही क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. परशुराम किंवा भोस्ते घाटात ट्रकमागे मुंगीच्या पावलांनी चढताना ते घसरत राहतात आणि तापतात. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर, डी मधून आर टाकताना धक्का, चढावर निघताना क्षणभर ताकद न लागणे, ही क्लचच्या किंवा मेकॅट्रॉनिकच्या (गिअर बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटच्या) बिघाडाची लक्षणे. मेकॅट्रॉनिक युनिटचा खर्च लाखाच्या घरात जातो. तेव्हा ‘थोडा धक्का मारते, सॉफ्टवेअर अपडेट केलं की जातो’ या शब्दांवर सौदा पक्का करू नये. अपडेट आधी करून दाखवा म्हणावे. साध्या गिअरच्या गाडीत क्लच तपासायला चौथा गिअर, ताशी ४० चा वेग आणि पूर्ण ॲक्सिलरेटर. आरपीएम वर गेले आणि वेग मागे राहिला की क्लच घसरतोय.

चाचणीची फेरी बाजारपेठेत मारून काही कळत नाही. निवळी, परशुराम, भोस्ते, कशेडी, तिकडे दक्षिणेला आंबोली, जो जवळ असेल तो घाट एसी लावून चढावा आणि उतरावा, अर्धा तास तरी. चढताना तापमानाचा काटा मध्येच राहिला पाहिजे. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये पाय काढून थोडे अंतर जा आणि मग ॲक्सिलरेटर दाबा. मागे निळसर धूर आला तर व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो. ब्रेक लावताना स्टेअरिंग थरथरले तर डिस्क वाकल्या आहेत. वर पोहोचल्यावर इंजिन मिनिटभर आयडलिंगला ठेवूनच बंद करा आणि गाडीखाली वाकून बघा. महामार्गाच्या खड्ड्यांत कमी उंचीच्या टायरच्या अलॉयची आतली कड वाकलेली असते, ती बाहेरून दिसत नाही. रॅम्पवर चाक फिरवून बघा. लोअर आर्मचे बुश आणि चाकाचे बेअरिंग गेलेले असले तरी त्याने घाबरू नये, ते स्वस्त काम आहे.

कागदपत्रांत आरसीवरचा चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवा. बँकेचा बोजा असेल तर ३५ नंबरचा फॉर्म, हस्तांतरणाला २९ आणि ३०, दुसऱ्या राज्याची किंवा दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर २८ नंबरची एनओसी. गोव्याच्या जीए नंबरची गाडी स्वस्त दिसते, पण ती इकडे कायम ठेवायची तर महाराष्ट्राचा कर भरून नवा नंबर घ्यावा लागतो. तो खर्च धरूनच भाव करावा. दिल्लीत दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंधने आल्यापासून तिकडच्या डिझेल गाड्या इकडे येत आल्या आहेत; वय आणि एनओसी तपासल्याशिवाय त्यांच्यात पडू नये. प्रलंबित ई-चलने ऑनलाइन दिसतात. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा, नाहीतर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस विक्रेत्याकडेच राहतो, तो आपल्याला मिळत नाही.

चार लाखांचा अंदाज असेल तर तीन लाख दहा-वीस हजारांचीच गाडी शोधावी. उरलेले पैसे टायर, बॅटरी, सगळी तेले, बेल्ट, ब्रेक आणि तळाला आतून मेणाचे कोटिंग यांत पहिल्या सहा महिन्यांत जातातच. ते जवळ नसतील तर चांगली गाडीसुद्धा गॅरेजबाहेर उभी राहते.

शेवटी आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून दोन मागण्या. विमा कंपनीने मोडीत धरलेल्या गाडीची नोंद, तारीख आणि कारणासह, वाहनाच्या ऑनलाइन नोंदीत खरेदीदाराला सरळ दिसली पाहिजे. पॉलिसीवरून तर्क लढवत बसण्याची वेळ सामान्य माणसावर येऊ नये. आणि आपल्या तालुक्यांतल्या ज्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे, तिथला रॅम्प आठवड्यातून एक दिवस ठरावीक शुल्क घेऊन जुन्या गाड्यांच्या तपासणीसाठी खुला करावा. मुलांचा हात बसेल, संस्थेला थोडे उत्पन्न होईल आणि गिऱ्हाईकाला गाडी खालून बघायला मिळेल. गणपतीआधीच्या दोन महिन्यांत हे सुरू झाले तरी पुरेसे आहे.

कळावे,
आपला वाचक,
रत्नागिरी